पेट्रोल, हायब्रिड की प्लगवाली? गोव्यातल्या रस्त्यांवरचे तुमचे अनुभव लिहा

साडेचार मीटरच्या आतली, जरा उंच, पाच माणसांची गाडी घ्यायची म्हटली की हल्ली रंगाच्या आधी इंधनावरून घरात वाद होतो. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर सप्टेंबर २०२२ मध्ये आल्या, आणि एकाच गाडीत साधं पेट्रोल (कागदावर माइल्ड हायब्रिड), स्ट्राँग हायब्रिड (अधूनमधून नुसत्या मोटरवरही चालणारी), पुढे सीएनजीही मिळू लागलं. क्रेटा पेट्रोल-डिझेलवर होतीच, जानेवारी २०२५ मध्ये तिची इलेक्ट्रिक आली. बाहेरच्या देशांत मिळते तशी, पेट्रोल इंजिन असलेली पण घरच्या प्लगवर चार्ज होणारी हायब्रिड या आकारात आपल्याकडे शोरूमला दिसत नाही. म्हणजे आपल्यासाठी ‘प्लगवाली’ म्हणजे पूर्ण इलेक्ट्रिकच.

ब्रोशर सगळ्यांनी वाचलंय, ते इथे नको. गाडी रात्री कुठे उभी राहते, रोजचा रस्ता कुठला, घाट किती, एवढं लिहा. अ‍ॅव्हरेज टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल काढलेलं लिहा. डिस्प्ले सगळ्यांचेच लाड करतो, जरा वाढवूनच दाखवतो.

माझ्यापासून सुरुवात. फोंडा ते पणजी, माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिक. यातली छोटी मोटर गाडी एकटी ओढत नाही, सिग्नलला बंद पडलेलं इंजिन हळूच सुरू करून देते आणि थोडा हातभार लावते, बस. गर्दीत १३, मोकळ्या रस्त्यावर १७-१८. चार सिलिंडरचं इंजिन गुळगुळीत आहे, डिकी पूर्ण मिळते, आणि गावातल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला ती कळते. तक्रार फक्त पेट्रोल पंपावर आठवते.

म्हापशाहून पणजी, पर्वरीमार्गे, स्ट्राँग हायब्रिड

पर्वरीच्या उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून त्या रस्त्याचं काय झालं ते तिथून जाणाऱ्यांना सांगायला नको. माझी गाडी मात्र त्याच रांगेत पैसे वाचवते. पहिल्या गिअरात सरकणारी गाडी सर्वांत जास्त पेट्रोल पिते, आणि नेमकी तेव्हा माझी मोटरवर चाललेली असते, इंजिन बंद. या रस्त्यावर २२-२३ मिळतं. कारवारकडे हायवेला शंभरच्या वेगाने गेलो तर १९. लोकांना हे उलटं वाटतं, पण ब्रेक लावताना मोटर बॅटरी भरून घेते, आणि मोकळ्या रस्त्यावर ब्रेकच लागत नाही, मग परत मिळवायचं काय?

कागदावरचं २७.९७ मला कधी दिसलं नाही. हल्लीच्या ई-२० पेट्रोलमुळेही थोडं उतरलंय. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे वीस टक्के मिसळलं की सहा-सात टक्के जातातच. हे सगळ्यांच्या गाड्यांना लागू.

आणखी एक, कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. शाळेबाहेर मुलाची वाट बघत एसी लावून बसलं की आधी छान शांतता असते, कारण एसीचा कॉम्प्रेसर बॅटरीवर चालतो. मग बॅटरी उतरते, इंजिन आपोआप घुर्र करून सुरू होतं, थोडं चार्ज करून पुन्हा गप्प. तीन सिलिंडरचा आवाज तेव्हा चांगलाच जाणवतो. सासूबाई पहिल्यांदा दचकून म्हणाल्या, “गो, चावी कुणी फिरवली?”

डिचोली, बेळगावला चोर्लातून वरचेवर

हायब्रिडच. घाट चढताना जोरात पाय दिला की इंजिन एकसुरात ओरडतं, गाडी तेवढ्या जोशाने पळत नाही. सवय होते. मला विचारायचंय ते उतरतानाचं. बेळगावहून येताना सुरुवातीला बॅटरी भराभर भरते, आणि अर्ध्या उतारावर आल्यावर पाय पॅडलवर नसताना इंजिन मोठ्याने फिरायला लागतं. हे बरोबर आहे का?

वरच्यांना उत्तर (वेर्णा, यंत्रांशी रोजचा संबंध)

बरोबर आहे, काळजी नको बाब. तुमची बॅटरी पाऊण युनिटची, नेमकी ०.७६. तीही पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरू देत नाहीत, म्हणजे वापरात त्याहून कमी. आता हिशोब करा. माणसांसकट दीड टनाची गाडी सहाशे मीटर खाली आली तर साधारण अडीच युनिट ऊर्जा सुटते. टायर, वारा यांत थोडी जाते, तरी बाकीची त्या इवल्याशा बॅटरीत मावणार कशी? भरली की गाडी इंजिन नुसतं फिरवून, पेट्रोल न जाळता, ब्रेकचं काम करून घेते. गिअर ‘बी’ला टाका, ब्रेक तापणार नाहीत.

इलेक्ट्रिकला तिथे भरपूर जागा असते. चोर्ला उतरून साखळीला आल्यावर टक्के वाढलेले दिसतात, फक्त वर निघताना बॅटरी काठोकाठ भरलेली नको.

पेडणे, मूळ घर आतल्या वाड्यावर

आमचा निर्णय डिकीने केला. स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी डिकीच्या तळाशी, त्यामुळे जागा २६५ लिटर. साध्या पेट्रोलला ३७३. शोरूममध्ये हा फरक किरकोळ वाटतो. चवथीला पणजीहून घरी निघताना माटोळीचं (गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या फळापानांच्या मंडपीचं) सामान भरून बघा: नारळाची पेण, तोरिंजन, सुपाऱ्यांचे घोस, कांगलां, वर फटाक्यांची पेटी, पाटासकट मांडीवर घेतलेला गणपती आणि दोन मुलं. सीएनजीत टाकीने डिकी खाल्लेली, तिचा तर विषयच सोडला. पेट्रोल मॅन्युअल घेतली. वाडीवरच्या चढाला क्लच जळाल्याचा वास येतो कधीकधी, तेवढं सोडलं तर सुखात आहोत.

(पुढचं पोस्ट लांब आहे, पण मला विचाराल तर या धाग्यातलं सगळ्यात उपयोगी हेच. इलेक्ट्रिकचा विचार करणाऱ्यांनी सावकाश वाचा.)

केपें, चिऱ्याचं जुनं घर, ४५ युनिटची इलेक्ट्रिक

गाडी घ्यायच्या आधी मी रेंजचे व्हिडिओ बघण्यात रात्री घालवल्या. प्रत्यक्षात रेंजचा प्रश्न आलाच नाही. गोवा आहे केवढा? काणकोणहून मोपा विमानतळ म्हणजे जवळजवळ एक टोक ते दुसरं टोक, जाऊन-येऊन दोनशेच्या थोडं पुढे. मला एसी लावून तीनशेच्या वर मिळतात. कागदावर ४८९ लिहिलंय, लिहू दे.

प्रश्न आला अर्थिंगचा. गाडी पोर्चमध्ये लावली, पंधरा अँपियरच्या सॉकेटला चार्जर जोडला, लाल दिवा. काढला, पुन्हा लावला, लाल दिवा. कंपनीचा माणूस आला, मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज मोजलं. दोन-तीनच्या आत हवं, आमच्याकडे वीसच्या वर. फ्रिज, मिक्सर, पंप सगळं वर्षानुवर्षं चाललंय त्यावर, कुणाला पत्ता नाही! गाडीचा चार्जर मात्र तपासूनच करंट घेतो.

कारण आमच्या पायाखालीच आहे. चिऱ्याची जमीन पावसाळ्यात ओली, तेव्हा अर्थिंग बऱ्यापैकी. एप्रिल-मेमध्ये ती तव्यासारखी कोरडी होते आणि वीज जमिनीत उतरायला वाटच राहत नाही. गावच्या वायरमनने आधी जुन्या पद्धतीने खड्डा घेतला, कोळसा, मीठ, जीआय पाइप. मीटरवरचा आकडा खाली आला, पण मनासारखा नाही. मग विहिरीच्या बाजूला, जिथे बारा महिने ओल असते तिथे, केमिकल अर्थिंगचा दुसरा पिट केला आणि जाड पट्टी पोर्चपर्यंत ओढली. तेव्हा हिरवा दिवा लागला. खर्च बारा हजारांच्या घरात. चिऱ्यात ड्रिल मारताना उडालेली लाल धूळ धुवायला बायकोने लावलेले कष्ट यात धरलेले नाहीत.

म्हणून सांगतो, बुकिंगच्या आधी वायरमनला बोलवा, आणि मे महिन्यात बोलवा. पावसात मोजलं तर सगळं ठीकच दिसतं. मोठा ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवायचा तर वीज खात्याकडून लोड वाढवून घ्यावा लागतो. मी घेतला नाही. छोट्या चार्जरवर रिकामी बॅटरी भरायला पंधरा-सोळा तास लागतील, पण रिकामी करतो कोण? रोज साठ-सत्तर किलोमीटर होतात, रात्री जेवून लावली की पहाटेच्या आत भरलेली. पावसाळ्यात झाड पडून लाइन गेली की मात्र दोन दिवसांचं चार्ज आधीच ठेवायची सवय लागलीय. खर्च किलोमीटरला रुपयाच्या आसपास पडतो, वीजबिलाच्या वरच्या टप्प्याचा दर धरून.

मडगाव, फ्लॅट, स्टिल्ट पार्किंग

केपेंवाल्यांचं भाग्य की पोर्च स्वतःचा आहे. आमच्या सोसायटीत माझ्या मीटरपासून माझ्या पार्किंगपर्यंत वायर टाकायला परवानगी मागितली. पहिल्या बैठकीत आगीची भीती, दुसऱ्या बैठकीत ‘मग सगळेच मागतील’, तिसऱ्या बैठकीत चहा. पैसे माझे, वीज माझ्या मीटरची, वेगळा एमसीबी आणि गळतीला तुटणारा आरसीसीबी लावतो म्हटलं, तरी नाही. शेवटी हायब्रिड घेतली. रात्री भिंतीत प्लग नसेल तर इलेक्ट्रिकच्या स्वस्ताईचा निम्मा भाग जातो. फास्ट चार्जरचा दर युनिटला घरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि तिथे ताटकळणं वेगळं.

निवृत्त, बँकेतला, ताळगाव

मी फक्त वजाबाकी करतो. पेट्रोल ९६ धरा. गर्दीत १३ देणारी गाडी किलोमीटरला सात रुपये चाळीस पैसे, २१ देणारी चार रुपये साठ पैसे. फरक दोन ऐंशी. मी बघितलं तेव्हा सारख्याच सोयींच्या पेट्रोल ऑटोमॅटिक आणि हायब्रिडमध्ये एक लाख सत्तर हजारांचं अंतर होतं. म्हणजे साठ हजार किलोमीटरनंतर फायदा सुरू. माझी गाडी वर्षाला सहा हजार चालते. पुढचं गणित माझ्या वयात करू नये.

कराचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या दीड लिटर पेट्रोलला चाळीस टक्के जीएसटी आणि हायब्रिडलाही चाळीसच. इलेक्ट्रिकला पाच. म्हणजे सरकारच्या लेखी हायब्रिड ही पेट्रोल गाडीच. आणि ज्यांना २०१२ चा गोवा आठवतो, पर्रीकरांनी व्हॅट काढून पेट्रोल अकरा रुपयांनी खाली आणलं तो, त्यांनी उसासा टाकून पुढच्या पोस्टकडे जावं.

मूळची फोंड्याची, आता टोरंटोजवळ

इथे प्लग-इन हायब्रिड चालवणारं कुणीच नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे टोयोटाच्या रॅव्ह-४ ची प्लग-इन आहे, तुमच्या विटारापेक्षा थोडी मोठी. बॅटरी १८.१ युनिट, म्हणजे तुमच्या हायब्रिडच्या जवळजवळ चोवीसपट, आणि भरल्यावर साठ-सत्तर किलोमीटर पेट्रोलशिवाय. ऑफिस, किराणा, मुलीचा भरतनाट्यमचा क्लास, सगळं त्यात होतं. लांब जायचं तर टाकी आहेच.

थंडीत मात्र नखरे. साधारण उणे दहाच्या खाली हीटर लावला की बॅटरी भरलेली असतानाही इंजिन सुरू होतं. आणि चार्ज न करता चालवली तर ती एक जड हायब्रिड उरते. आमच्या ओळखीत एकांनी करसवलतीसाठी घेतली, केबल अजून पिशवीत आहे. रॅव्ह-४ च्या नव्या पिढीत नुसतं पेट्रोल मॉडेलच ठेवलेलं नाही, हायब्रिड किंवा प्लग-इन एवढेच पर्याय. गोव्याची हवा, छोटी अंतरं आणि मधूनच बेळगाव-पुणे बघता ही जात तिथे मस्त चालेल असं आईबाबांना भेटायला येते तेव्हा दरवेळी वाटतं.

रेंट-अ-कॅब, कळंगुट पट्टा

२०२३ मध्ये जाहीर झालं होतं की जानेवारी २०२४ पासून पर्यटनाच्या नव्या गाड्या इलेक्ट्रिकच. आमच्या धंद्यातून विरोध झाला, कारण साधं: दिल्लीहून आलेला माणूस दूधसागर, पाळोळें आणि हडफडें एका दिवसात करायचं ठरवतो आणि चार्ज पाच टक्क्यांवर आला की मला फोन करतो. पेट्रोल ठेवतो. हायब्रिड भाड्याला नको, पेट्रोल गिऱ्हाईक भरतं, वाचलेलं मला काय मिळणार?

गॅरेजवाला, कुडचडें

दोन गोष्टी. नारिंगी रंगाच्या केबलला हात लावू नका, लावू देऊ नका; त्या हाय व्होल्टेजच्या. आणि उंदीर. पावसाळ्यात भाटातला उंदीर बोनेटमध्ये येतोच. साध्या गाडीत दोन वायर जोडून काम भागतं. हायब्रिड-इलेक्ट्रिकमध्ये अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगाच, बदलायला सांगतात, बिल बघून माणूस खाली बसतो. जाळी बसवा, गाडी आठवडाभर एका जागी ठेवू नका.

हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीला थंड हवा घ्यायची जाळी असते, ती कुठे आहे ते घेतानाच दाखवून घ्या. समुद्रावरून आलेली मुलं वाळूचे टॉवेल नेमके तिच्यावर टाकतात.

नवरा बोटीवर, घर शिरोड्याला

कुडचड्याच्या दादांनी ‘आठवडाभर ठेवू नका’ म्हटलं म्हणून विचारते. आमच्याकडे मालक सहा-सात महिने बोटीवर, मी गाडी चालवत नाही. मग?

गॅरेजवाला, कुडचडें

वहिनी, मग पेट्रोलच बरी. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीशिवाय साधी बारा व्होल्टचीही असते. ती मेली की मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. घेतलीच तर दोन आठवड्यांनी एकदा कुणाला तरी अर्धा तास फिरवून आणायला सांगा, नुसती जागेवर चालू करून ठेवून नको. इलेक्ट्रिक असेल तर पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवावी, शंभरवर भरून महिनोन्महिने ठेवू नये, आणि तिच्यातही बारा व्होल्टची असतेच. पेट्रोल गाडीत बॅटरीची काळी वायर दहा नंबरच्या पान्याने सैल करून बाजूला ठेवली की झालं, पण ते नव्या गाडीत कंपनीला विचारून.

नवरा बोटीवर, घर शिरोड्याला

धाकटा दीर चालवायला तयार आहे, पण तो म्हणतो हायब्रिड असेल तरच. पेट्रोल मीच भरायचं ना!