स्टीफन विल्टशरची चित्रं: आपण नक्की दाद कशाला देतोय?

टिपकागद

स्टीफन विल्टशर या स्वमग्न (ऑटिस्टिक) ब्रिटिश चित्रकाराचे व्हिडिओ बहुतेकांनी पाहिले असतील. हेलिकॉप्टरमधून शहरावर एक चक्कर, मग कानाला हेडफोन, हातात पेन, आणि काही दिवसांत नुसत्या आठवणीतून भिंतभर शहर तयार. टोकियो असंच काढलं, २००५ मध्ये, १० मीटर लांब कॅनव्हासवर, ७ दिवसांत. २००९ मध्ये न्यूयॉर्क, जेमतेम २० मिनिटांच्या फेरीवर. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या: "बापरे, खिडक्यासुद्धा बरोबर!"

मी जे म्हणणार आहे ते काहींना झोंबेल. हे पॅनोरामा, म्हणजे ही भिंतभर शहरचित्रं, त्याच्या कामातला सगळ्यात कमी रस असलेला भाग आहे, आणि त्यांच्या गाजावाजात चित्रकार मागे पडलाय.

जन्म १९७४, लंडन. आईवडील कॅरिबियन बेटांवरून आलेले. तीन वर्षांचा असताना स्वमग्नतेचं निदान झालं, त्याच सुमारास वडील मोटरसायकल अपघातात गेले. पोरगं बोलत नव्हतं, पण कागद मिळाला की इमारती काढत सुटायचं. १९८७ मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमात ह्यू कॅसन यांनी त्याला ब्रिटनमधला बहुधा सर्वोत्तम बालचित्रकार म्हटलं. कॅसन स्वतः वास्तुविशारद, रॉयल अकॅडमी या कलासंस्थेचे माजी अध्यक्ष. हेलिकॉप्टर वगैरे तेव्हा काही नव्हतं.

त्या काळातली रेखाटनं काढून बघा. आधी पेन्सिलीची आखणी नाही, खोडरबर नाही. एका कोपऱ्यापासून रेघ सुटते ती थेट कळसापर्यंत. जवळच्या कमानीत नक्षी गच्च भरलेली, आणि नजर कडेला गेली की तीच नक्षी दोन-चार झटक्यांत आटोपलेली. कुठे थांबायचं, कुठे सुटायचं हे त्या हाताला कळतं. खिडक्या कसल्या मोजताय?

पक्का हिशेबी

साफ असहमत. स्मरणशक्ती बाजूला काढली तर उरतं काय? इमारतींची सुरेख रेखाटनं करणारे वास्तुविशारद पैशाला पासरी मिळतील. रोमच्या चित्रात पँथिऑन या प्राचीन मंदिराचे खांब बरोबर उतरले, तेही वरून एकदा बघून. हे दुसरं कोण करतं? जी गोष्ट जगात एखाद्यालाच जमते, तिलाच तुम्ही गौण ठरवताय.

शिवाय हे पॅनोरामा त्याच्यावर कुणी लादलेत का? गर्दीसमोर तासन्‌तास उभा राहून काढतो, मजेत दिसतो. २००६ मध्ये एमबीई हा किताब मिळाला, त्याच वर्षी लंडनच्या रॉयल ऑपेरा आर्केडमध्ये स्वतःची गॅलरी उघडली. स्वमग्न माणूस आपल्या कलेवर खातोय, आणि आपण इथे बसून ठरवणार की त्याने कुठली चित्रं काढायला हवी होती. टोकियोनेच त्याला घडवलं, हे मान्य करून टाका.

टिपकागद

@हिशेबी, तारखा तपासा राव. त्याचं पहिलं पुस्तक १९८७ चं. व्हेनिस, अ‍ॅमस्टरडॅम, लेनिनग्राड, मॉस्कोच्या चित्रांचं 'फ्लोटिंग सिटीज' १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. पुढे कलाशाळेत रीतसर शिकला. टोकियो या सगळ्यानंतर आलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या त्या व्हिडिओवाल्यांनी.

रेघोट्या

आयत्या पिठावरच्या सोडून बाकी सगळ्या रेघोट्यांतर्फे बोलते :)

कॅमेऱ्यासारखी नजर हे प्रकरणच मुळात तपासून घ्यायला हवं. ऑलिव्हर सॅक्स या मेंदूविकारतज्ज्ञाने स्टीफनसोबत प्रवास केले, त्याच्यावर भरपूर लिहिलं. सॅक्सने त्याला आपलं घर दाखवलं आणि मग ते काढायला सांगितलं. घर ओळखू येईल असं झकास उतरलं, फक्त छपरावर एक धुराडं आलं जे खऱ्या घराला नव्हतंच. घरापुढची तीन झाडं आणि कुंपण मात्र गायब. म्हणजे पोराने घर उचललं आणि बाकीचं सोडून दिलं. कुठला कॅमेरा असं करतो?

आणि लहानपणी तो भूकंपाने कोसळलेली शहरं काढायचा. ती कुठल्या हेलिकॉप्टरमधून पाहिली होती?

पक्का हिशेबी

हे बरंय! चुकलं की कला, बरोबर आलं की सर्कस. धुराडं जास्तीचं पडलं ही स्मरणातली चूक असू शकते की नाही? की स्वमग्न माणसाला साधी चूक करायचीही मुभा नाही?

भूकंपाच्या चित्रांचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. त्यावर विचार करून लिहितो.

उंबरठा

तुम्ही दोघं चित्रांवर भांडताय. मी स्वमग्न मुलाचा बाप आहे, मला या व्हिडिओंचा वेगळाच जाच होतो. मुलाचं निदान सांगितलं की पुढचा प्रश्न हमखास, "मग याला काय येतं हो? चित्रं? गणित?" जणू निदानासोबत एखादी देणगी आलीच पाहिजे. डॅरल्ड ट्रेफर्ट, ज्यांनी आयुष्यभर सॅव्हंट, म्हणजे अपंगत्वासोबत एखादं असामान्य कौशल्य असलेल्या माणसांचा अभ्यास केला, त्यांचाही अंदाज साधारण दहा स्वमग्न माणसांत एकाकडे असं काही कौशल्य असतं असा होता. त्यातलंही बहुतेकांचं साधंच, स्टीफनच्या तोडीचे अगदी विरळा. उरलेल्या नऊ जणांच्या आईबापांनी काय दाखवायचं?

आणखी एक. स्टीफन शाळेत बोलू लागावा म्हणून शिक्षकांनी त्याचं चित्रकलेचं सामान काढून घेतलं होतं. मागितल्याशिवाय मिळणार नाही. त्यातून त्याचा पहिला शब्द आला, 'कागद'. लोक ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगतात. मला ती ऐकवत नाही. ज्या पोराकडे सांगायला एकच रस्ता होता, तोच तुम्ही अडवलात.

खडू आणि डस्टर

उंबरठादादा, तुमचा राग समजतो, पण विशेष शाळेत शिकवते म्हणून लिहिते. आवडीची वस्तू दिसेल अशी पण हात पोहोचणार नाही अशी ठेवायची आणि मूल मागेल याची वाट बघायची, हे आम्ही रोज करतो. आवाज केला, बोट दाखवलं, तरी लगेच देतो. यात शिक्षा नसते. मागितलं की मिळतं, हे मुलाला एकदा उमगलं की पुढचं सोपं होतं. स्टीफनही आधी नुसते आवाजच काढत होता, शब्द नंतर आला. नऊ वर्षांचा होईतो तो नीट बोलायला लागला होता.

रेघोट्या

यावरून नादियाची आठवण झाली. इंग्लंडमधलीच स्वमग्न मुलगी, तीन-चार वर्षांची असताना बॉलपेनने घोडे काढायची, धावते, वळलेले, भल्याभल्यांना न जमणाऱ्या कोनातून. लॉर्ना सेल्फ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. पुढे तिला थोडी भाषा आली आणि चित्रकला ओसरत गेली. तेव्हा काही मानसशास्त्रज्ञ म्हणाले, भाषा आली की ही देणगी जाते. लगेच वाद पेटला, मग मुलांना बोलायला शिकवायचं की नाही?

स्टीफनने तो वाद निम्मा निकालात काढला. बोलायलाही लागला, हातही तसाच राहिला. त्यामुळे टीचरबाईंचा मुद्दा मला पटतो.

उंबरठा

मागायला लावण्याबद्दल माझी तक्रार नाही, खडूताई. घरी आम्हीही करतो. पण आम्ही बिस्किटाचा डबा वर ठेवतो. त्याच्या हातातलं पेन काढून घेत नाही. बोलता न येणाऱ्या मुलाचं चित्र हेच त्याचं बोलणं असेल, तर हिशेब बदलतो. शेवट चांगला झाला म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही. नादियाचं उदाहरण आलंच आहे, शेवट दोन्हीकडे जाऊ शकतो.

पक्का हिशेबी

विचार करून लिहितो म्हणालो होतो. भूकंपाच्या चित्रांवरून एवढं मान्य की तो मनाने रचू शकतो. पण मग टिपकागद, तुमचीच पंचाईत होते. रचता येत असूनही हा माणूस पुन्हा पुन्हा खरी शहरं काढायला जातो. सिंगापूर २०१४, मेक्सिको सिटी २०१६. म्हणजे त्याला तेच आवडतं. आता कमी रस कुणाला आहे, त्याला की तुम्हाला?

टिपकागद

मला. धागाच माझा आहे. सिंगापूरचं चित्र मोठं करून बघतोय, लांबच्या इमारती त्याने कशा उरकल्यात ते दिसतंय का बघतो.