बारा सीझर चांदीत जमवता येतील का? आणि माझा व्हेस्पेशियन हलका का भरतो?

परदेशी_पुणेकर:
नमस्कार. नोकरीनिमित्त तीन वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहतो. गेल्या महिन्यात एका नाणेप्रदर्शनात रोमन सम्राट व्हेस्पेशियनचा देनारियस (रोमन चांदीचे नाणे) विकत घेतला आणि तेव्हापासून, रोमन चरित्रकार सुएटोनियसने ज्यांची चरित्रे लिहिली ते ज्युलियस सीझरपासून डोमिशियनपर्यंतचे बाराही सत्ताधीश चांदीच्या नाण्यांत जमवावेत, असे मनाने घेतले आहे. पगारदार माणसाला हा संच पेलवेल का, ही पहिली शंका. दुसरी अशी की, घरच्या काट्यावर माझे नाणे २.७ ग्रॅम भरते आणि सम्राटाच्या कानामागे चांदीचा पापुद्रा उडून खाली हिरवट डाग दिसतो. विक्रेत्याने नाणे अस्सल चांदीचे असल्याचे सांगितले होते. मी फसलो का?

नाणेघाट:
आधी दुसऱ्या शंकेचे पाहू. ऑगस्टसच्या काळी एका रोमन पौंडातून ८४ देनारियस पाडत असत, इ.स. ६४ च्या सुमारास नीरोने ते ९६ केले आणि चांदीचा कसही उतरवला. त्यामुळे व्हेस्पेशियनचे नाणे टाकसाळीतून निघताना साधारण ३.३ ग्रॅमच्या आसपास असे. झीज धरली तरी २.७ हा आकडा कमीच वाटतो, आणि उरलेले उत्तर तो हिरवा डाग देतो. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ पत्रा चढवून मग ठसा मारलेले हे नाणे असावे; तांबे चांदीपेक्षा हलके असल्याने असे नाणे काट्यावर उघडे पडते. रोमन काळातही अशी खोटी नाणी सर्रास चालवली जात, त्यामुळे आपले नाणे खोटे असूनही प्राचीन असण्याची शक्यता बरीच आहे. भिंगातून कड तपासा. कडेवर शिवण किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांच्या खुणा दिसल्या, तर मात्र ते अलीकडचे ओतीव नाणे समजावे आणि पैसे परत मागावेत. मुलाम्याची गोष्ट विक्रेत्याने सांगायलाच हवी होती, हे वेगळे. आणि कृपा करून ते चिंचेने घासू नका.

तेरणाकाठ:
संच पेलवेल, पण कॅलिग्युला, क्लॉडियस आणि ओथो यांच्यापाशी गाडी अडेल. ओथोने इ.स. ६९ मध्ये जेमतेम तीन महिने राज्य केले आणि रोमच्या टाकसाळीने त्याचे तांब्या-पितळेचे नाणे काढलेच नाही, त्यामुळे प्रत्येक संग्राहक त्याच्या मूठभर चांदीच्या नाण्यांमागे असतो. तो केसांचा टोप घालत असे असे सुएटोनियस सांगतो, आणि नाण्यावर त्याच्या कुरळ्या बटा अशा एकसारख्या ओळींत बसवलेल्या दिसतात की त्यावर विश्वास बसतो. टायबेरियसचे नाणे दुर्मीळ नाही. बायबलमध्ये येशूला दाखवलेले कराचे नाणे ते हेच, या समजुतीमुळे ते महागले आहे. ज्युलियस सीझरचा चेहरा इ.स.पू. ४४ च्या आरंभी नाण्यावर आला, जिवंत रोमन माणसाला रोमच्या नाण्यावर मिळालेला हा पहिलाच मान होता, आणि १५ मार्चला त्याचा खून झाला. त्याच्या चेहऱ्याऐवजी त्यानेच काढलेले हत्तीच्या चित्राचे नाणे घेऊन बरेच जण समाधान मानतात.

मला विचाराल तर आधी दुसऱ्या शतकाकडे वळा. ट्रेजन, हेड्रियन, अँटोनायनस पायस आणि त्याची पत्नी फाउस्टिना यांची चांगली, वाचता येणारी नाणी तुलनेने स्वस्त मिळतात. मजकूर वाचण्याचा सरावही तिथेच होतो. ‘टीआर पी’ ही अक्षरे दिसली की मालिका आठवू नयेत; तो सम्राटाचा लोकाधिकाराचा किताब असून दरवर्षी नवा होई, त्यामुळे त्यापुढील आकड्यावरून नाण्याचे वर्ष काढता येते.

गोदातीर:
एक व्यावहारिक सूचना. सुट्टीत ही नाणी पुण्याला आणण्याचा विचार असेल तर जपून. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत; म्हणजे परतताना अडचण होईल. भारतात कोणी ‘शेतात सापडलेले रोमन नाणे’ दाखवले, तर हातही लावू नका, कारण सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ पासून आहे. दक्षिण भारतातील साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचेच देनारियस सर्वाधिक आढळतात. आपल्याकडच्या चांदीची गोडी असेल तर नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांविषयी वाचा. त्यांवर क्षत्रप राजा नहपानाच्या चेहऱ्याभोवती बिघडलेली ग्रीक अक्षरे आहेत, आणि त्यांतील बहुतांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला आहे.

परदेशी_पुणेकर:
सर्वांचे आभार. भिंगातून पाहिले, शिवण नाही, बुडबुडे नाहीत, आणि पापुद्र्याची कड चक्क पत्र्यासारखी उचललेली दिसते. नाणे ठेवून घेतो आहे. डबीवरचे ‘व्हेस्पेशियन’ खोडून ‘व्हेस्पेशियनच्या नावाने’ असे लिहिले. ओथोचा नाद सध्या सोडला असून ट्रेजन शोधतो आहे.