५०८० साठी ८५० वॅटचा एसएमपीएस पुरेल का? शनिवारी रात्री निघतोय, लवकर सांगा

दर्यादेग
दहा दिवस व्हिडिओ बघून डोकं भणभणलंय, म्हणून इथे विचारतो. विमान उडवायच्या गेमसाठी नवा पीसी करतोय, यादी अशी: रायझन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर, आरटीएक्स ५०८० ग्राफिक्स कार्ड, बी८५० मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ रॅम, २ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ३६० मिमीचा लिक्विड कूलर. बजेट साडेतीन लाख, दोन वर्षं साठवलेत. एक दुकानदार म्हणतो १२०० वॅटशिवाय हात लावू नको, दुसरा म्हणतो ८५० भरपूर. शनिवारी रात्री गोव्यातल्या मांद्र्याहून निघून रविवारी सकाळी मुंबईला लॅमिंग्टन रोड, तिथेच जोडून घ्यायचं आणि रात्रीच्या बसने परत. फक्त एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) सांगा, बाकी सगळं ठरलंय.

फोंडा_बिल्डर
८५० पुरतो. ५०८० जास्तीत जास्त ३६० वॅट खातं आणि एनव्हिडियाने स्वतःच ८५० सांगितलाय. ९८००एक्स३डी चा टीडीपी (कंपनीने दिलेला वीज-उष्णतेचा आकडा) १२० वॅट, गेममध्ये तो बहुतेक वेळा तेवढाही घेत नाही. १०००-१२०० त्याला लागतो ज्याला ५०९० घ्यायचंय, ते एकटं ५७५ वॅट ओढतं. फक्त एटीएक्स ३.१ (एसएमपीएसचं नवं मानक) चा घ्या, म्हणजे कार्डाची १२व्ही-२x६ केबल थेट लागते. ती पूर्ण आत बसेपर्यंत दाबा आणि पिनेपासून तीन-साडेतीन सेंटीमीटर सरळ ठेवून मग वळवा. अर्धवट बसलेल्या पिना तापून वितळल्याची उदाहरणं आहेत.
मॉनिटर कुठला?

घाटमाथा
१००० घ्यावा. चार वर्षांनी कार्ड बदलाल तेव्हा एसएमपीएस परत बदलायचा का? मी कोल्हापुरात ८५० घेतला आणि आता हळहळतोय.

फोंडा_बिल्डर
तुम्ही ८५० वर काय चालवता तेही सांगा. गोल्ड दर्जाचा चांगला एसएमपीएस दहा वर्षांच्या वॉरंटीचा मिळतो. दर्यादेगांचे चार पैसे वाचत असतील तर ते मॉनिटरला लागू देत.

मडगाव९८
रविवारी? लॅमिंग्टन रोडवरची बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात. ग्रँट रोडला उतराल आणि शटरं बघून परत याल. मी एकदा तसाच परतलोय, दिवसभर पाठीवर रिकामी बॅग.

दर्यादेग
अरे देवा. हे कोणीच सांगितलं नव्हतं. मग रविवारी निघून सोमवारी. सुट्टी काढावी लागेल.
मॉनिटर आहे घरी, चोवीस इंची, १०८०पी. तो नंतर बघू.

फोंडा_बिल्डर
किती हर्ट्‌झ?

दर्यादेग
६०.

फोंडा_बिल्डर
मग आधी हे वाचा, एसएमपीएस राहू दे. ६० हर्ट्‌झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो. ५०८० ने दोनशे काढली तरी उरलेली तुमच्या डोळ्यापर्यंत येणार नाहीत. कार्ड ५०७० टीआय घ्या, त्यालाही १६ जीबी मेमरी आहे, ३०० वॅटचं आहे, आणि वाचलेल्या पैशात १४४०पी चा २४० हर्ट्‌झ ओलेड मॉनिटर घ्या. माझ्याकडे हाच जोड आहे. रात्रीच्या विमानतळाचे दिवे पहिल्यांदा त्या स्क्रीनवर बघितले तेव्हा मी गेम थांबवून नुसता बघत बसलो.

रेंदेर_२
इंटेल का नाही? १४९००के ला २४ कोअर आहेत. एक्स३डी मध्ये आठच.

मडगाव९८
इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीत व्होल्टेजची भानगड झाली होती, ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती) काढावा लागला आणि वॉरंटी तीनची पाच वर्षं करावी लागली. आता बायोस अपडेट करून चालतात, पण नवी खरेदी कशाला? शिवाय त्या सॉकेटवर (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) पुढे काही येणार नाही. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर २०२७ पर्यंत तरी नवे प्रोसेसर येतील असं एएमडी म्हणतंय. गेमिंगला कोअर मोजू नका, कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) मोजा. ९८००एक्स३डी ला ९६ एमबी एल३ कॅश आहे, फ्लाइट सिम्युलेटरसारख्या गेमला तीच पावते.

रेंदेर_२
मी व्हिडिओ एडिटिंग पण करतो, म्हणून म्हटलं.

मडगाव९८
धागा तुमचा नाही हो.

स्वयंपाकघर_ते_कन्सोल
साडेतीन लाख! पीएस५ प्रो घ्या, सोफ्यावर बसा, उरलेल्या पैशात घराचं छप्पर करून घ्या. आमच्या घरी तीन वर्षं कन्सोल चालतोय, एकदाही उघडावा लागला नाही.

दर्यादेग
ताई, मला विमानच उडवायचंय. योक आणि पेडल आधीच घेतलेत. कन्सोल नको.

पर्वरीकर
मुंबईत जोडून बसने आणणार असाल तर थांबा. मी तसंच आणलं होतं. कार्ड आत लावलेलं, कॅबिनेट आडव्या डिकीत. आंबोली घाट उतरेपर्यंत दीड किलोच्या वर वजनाचं कार्ड हादरत राहिलं. घरी उघडलं तर स्लॉटची प्लास्टिकची पट्टी तुटलेली आणि कार्ड एका बाजूला लोंबकळत होतं. बोर्ड गेला, आणि वॉरंटीवाल्याने "फिजिकल डॅमेज" म्हणून हात वर केले. कार्ड काढून त्याच्या खोक्यात मांडीवर घेऊन या. जमलं तर सगळेच भाग खोक्यात आणा आणि इथेच जोडा, एक संध्याकाळ पुरते.
आणि कॅबिनेट कुठलं घेताय? काही ५०८० कार्डं ३५ सेंटीमीटरच्या पुढे जातात. पुढे त्या ३६० च्या कूलरचा रेडिएटर लावला तर आतली जागा आणखी कमी होते.

दर्यादेग
कॅबिनेट जुनंच वापरणार आहे. जुना पीसी गेल्या पावसात गेला, त्याचं कॅबिनेट चांगलं आहे. लोखंडी, जड. हात लावला की जरा मुंग्या यायच्या तेवढंच.

डिचोली_लाईन
मुंग्या कधी यायच्या? पीसी चालू असताना? अनवाणी असताना? आणि तो जुना पीसी नेमका कसा गेला?

दर्यादेग
चालू असताना. चप्पल असली की कमी. सगळ्यांच्याच येत असतील ना. जुना असा गेला की ढगांचा गडगडाट झाला, दिवे फडफडले आणि परत सुरूच झाला नाही. स्पाइक बस्टर होता, तरी.

डिचोली_लाईन
सगळ्यांच्या येत नाहीत, बाब. मी पस्तीस वर्षं विजेच्या कामात काढली, आता घरी आहे, म्हणून कळकळीने लिहितो. तुमच्या त्या खोलीत अर्थिंग नाही. प्रत्येक एसएमपीएसच्या आत फिल्टर असतो, त्यातून थोडासा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो. अर्थिंग असली की तो मुकाट जमिनीत जातो. नसली की पत्रा शंभरावर व्होल्ट धरून बसतो आणि वाट तुमच्या हातातून काढतो. करंट नगण्य म्हणून मुंग्यांवर भागलं. पण उद्या आत एखादी फेजची वायर पत्र्याला टेकली तर फक्त मुंग्या येणार नाहीत. स्पाइक बस्टरसुद्धा अर्थकडे झटका सोडायला बघतो, वाटच नसेल तर कुठे सोडणार?
सोमवारी मुंबईला जाण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवा. स्वतः मोजू नका. त्याला तीन आकडे काढायला सांगा: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. जुन्या पीसीचा प्लग लावलेला असताना. आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) आहे का ते बघायला सांगा.

घाटमाथा
तरी मी म्हणतो १००० घ्या.

पर्वरीकर
काका, यूपीएसचंही सांगा ना त्यांना. मांद्र्याला पावसात वीज जाते.

डिचोली_लाईन
अर्थिंग आधी. मग यूपीएस. व्हीए बघून फसू नका, वॅट बघा. १००० व्हीए वाल्यावर बऱ्याचदा ६०० वॅटच लिहिलेलं असतं, आणि हा संच मॉनिटरसकट तिथवर जाईल. १५०० व्हीए, ९०० वॅट, प्युअर साइन वेव्ह. स्वस्त यूपीएसची लाट पायरीपायरीची असते, काही नवे एसएमपीएस त्यावर वीज गेल्या क्षणी बंद पडतात. नेट तांब्याच्या केबलने येत असेल तर गडगडाट सुरू झाला की तीही काढा. फायबर असेल तर फायबरमधून झटका येत नाही.

मडगाव९८
आणि समुद्राजवळ आहात तर पावसाळ्यात पीसी रोज तासभर तरी चालवा. बंद मशीनवर दमट हवा बसते, चालू मशीन स्वतःला कोरडं ठेवतं. किनाऱ्याकडची खिडकी मात्र बंद ठेवा. रॅम दोनच पट्ट्या घ्या, १६-१६, ६००० सीएल३०. चार पट्ट्या लावल्या की एएम५ वर वेग खाली आणावा लागतो. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कुठल्या कुठे गेलेत, तेवढं धरून चला.

रेंदेर_२
एडिटिंगसाठी लॅपटॉप कुठला घ्यावा कोणी सांगेल का?

दर्यादेग (तीन दिवसांनी)
गेलो नाही मुंबईला. काका, तुमचं ऐकून आवाठातल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. फेज-न्यूट्रल २३४. फेज-अर्थ ११८. न्यूट्रल-अर्थ ११५. आकडे बघून त्याने लगेच मीटर खाली ठेवला आणि मागच्या परसात गेला. माडाखाली अर्थिंगचा खड्डा आहे, वर झाकण, झाकणावर झावळ्या. आम्ही वर्षानुवर्षं उघडलाच नव्हता. झाकण काढलं तर पाइपाला क्लँपच नाही, नुसता गंजाचा तांबूस भुगा. वायर तिथे लोंबत होती, बोटाने दाबली तर शेवटची वीतभर चुरा होऊन हातात आली. खाऱ्या हवेने खाल्ली. आई त्याच घरात रोज ओल्या हातांनी मिक्सर लावते.
खड्डा नव्याने भरला, नवी पट्टी घातली, आरसीसीबी बसवला. आता फेज-अर्थ २३१ आणि न्यूट्रल-अर्थ २. जुनाच एसएमपीएस कॅबिनेटात लावून अनवाणी हात लावून बघितला, काही नाही.
या कामात आणि यूपीएसमध्ये बरेच पैसे गेले, म्हणून कार्ड ५०७० टीआय, एसएमपीएस ८५०, ओलेड मॉनिटर. जुन्या कॅबिनेटात कार्डाला ३० सेंटीमीटर जागा आहे, मोजली. एवढ्यात बसणारं दोन पंख्यांचं कुठलं घेऊ?

फोंडा_बिल्डर
रेडिएटर वर लावणार की पुढे? पुढे लावणार असाल तर ३० मधून पंखे धरून साडेपाच वजा करा.

डिचोली_लाईन
छान केलंत. आईंना सांगा, आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे. आणि पाऊस लागला की तेच तीन आकडे परत काढा आणि इथे टाका.