घर पर्यटकांना आणि मालक पुण्याला: हे चालावे का?

खाडीपल्याड (धागाकर्ता)

दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर माझे मूळ गाव आहे. माझ्या लहानपणी आमच्या वाडीत वीस चुली पेटत असत. आज सात घरांत कायमची माणसे आहेत आणि पाच घरे शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या पर्यटकांना रोजच्या भाड्याने दिली जातात. या पाचांपैकी तीन घरांचे मालक गावात राहत नाहीत. आरक्षण संकेतस्थळावर होते, पैसे परस्पर खात्यात जमा होतात, किल्ली तुळशीवृंदावनामागे आकडी कुलुपाच्या डबीत असते आणि तिचे आकडे पाहुण्यांना मोबाइलवर कळवले जातात. ज्या घरात यजमान किंवा त्याच्या कुटुंबातले कोणी हजर नाही, ते घर एक-दोन रात्रींसाठी भाड्याने देण्यास परवानगीच असू नये, असे माझे मत आहे.

मागच्या डिसेंबरात अशाच एका घरात अकरा जण उतरले. रात्री पंप बंद पडला, मालकाचा फोन लागेना, म्हणून ती मुले शेजारी राहणाऱ्या माझ्या काकूंचे दार वाजवू लागली. काकूंचे वय ७१. त्यांनी अंगणातला दिवा लावला, विहिरीवरून पाणी काढू दिले आणि उरलेली रात्र जागून काढली. दुसऱ्या दिवशी त्याच मंडळींनी ओहोटीच्या वेळी गाडी पुळणीवर उतरवली. भरती सुरू झाल्यावर चाके रुतली आणि गावातल्या ट्रॅक्टरने ती ओढून काढावी लागली. मुले वाईट नव्हती, निघताना ती काकूंच्या पायाही पडली. कोणत्या बाजूला पाण्यात उतरू नये, अमावास्या-पौर्णिमेचे उधाण म्हणजे काय, एवढे सांगणारे माणूस त्यांना भेटलेच नाही, हा खरा दोष.

पाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. एप्रिलच्या शेवटी आमच्या विहिरींचा तळ दिसू लागतो आणि सगळ्या वाडीचे झरे एकच असल्यामुळे एका घरात डझनभर माणसांनी दोन वेळा शॉवरखाली आंघोळ केली की शेजारच्या विहिरीत घागर बुडत नाही. मालक तिथे राहत असता तर त्याला हे रहाटाच्या दोरावरून कळले असते. पुण्यात बसून त्याला फक्त पाहुण्यांनी दिलेले तारे दिसतात.

न्यू यॉर्क शहराने सप्टेंबर २०२३ पासून जो कायदा कसोशीने लागू केला, त्यात ३० दिवसांहून कमी मुदतीसाठी घर देणाऱ्याने नोंदणी करावी, स्वतः त्याच घरात हजर राहावे आणि दोनपेक्षा अधिक पाहुणे घेऊ नयेत, अशा अटी आहेत. तिथला प्रश्न घरांच्या टंचाईचा आहे आणि आमच्याकडे घरे ओस पडली आहेत, हा फरक मला समजतो. पाहुण्यांची संख्याही मी दोनवर आणू इच्छित नाही. मला त्यातली फक्त हजेरीची अट हवी आहे.

जांभा-चिरा

आपण ज्या तीन घरांविषयी लिहिले आहे तशाच एका घराचा मी मालक आहे, गाव मात्र वेगळे. मी ठाण्यात नोकरी करतो आणि आपला नियम अमलात आला तर माझे घर उद्या बंद होईल, म्हणून मी तटस्थपणाचा आव आणत नाही.

कोकणात बंद घराचे काय होते हे आपल्याला सांगायला नको. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारे कौलारू घर दर वर्षी शाकारणी, म्हणजे कौले नीट बसवून घेणे, मागते; एक वर्ष चुकले की वाशांना पाणी लागते, दुसऱ्या वर्षी वाळवी चढते आणि चार-पाच पावसाळ्यांत माजघराची भिंत मान टाकते. आमच्या घराला शाकारणी, वाळवीचे औषध, विहिरीचा उपसा आणि गडग्याची डागडुजी मिळून वर्षाला ऐंशी हजारांच्या आसपास खर्च येतो. हे पैसे पूर्वी पोफळीची बाग देत असे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि दुपारच्या काही तासांत बाग आडवी झाली. नवी पोफळ लावून हाती सुपारी येण्यास सात-आठ वर्षे लागतात, तोवर घराने काय खावे? पर्यटकांच्या पैशाने ते उभे आहे. घर सांभाळणाऱ्या नवरा-बायकोला मी बारा महिने पगार देतो, पावसाळ्यात एकही पाहुणा नसला तरी देतो, आणि ते दोघे गावातच राहतात.

आपण यजमानाच्या हजेरीचा आग्रह धरता, परंतु गावात राहून पोट भरण्याची सोय असती तर आम्ही ठाण्याला आलो असतो का? आपला नियम शेवटी ज्यांना गाव सोडावे लागले त्यांनाच दंड करणारा आहे. आपल्या काकूंना झालेला त्रास मला मान्य आहे, पण तो पंप बिघडल्यामुळे आणि फोन न उचलल्यामुळे झाला. सातबारावर नाव असलेला माणूस शेजारच्या खोलीत झोपला नव्हता, हे त्याचे कारण नव्हे.

तिसरा-मजला

गावाकडचे मला ठाऊक नाही. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत जे चालते त्यावरून मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे. अकरा महिन्यांसाठी भाडेकरू ठेवताना मालकाला करार लेखी करून तो १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो, सोसायटीला कळवावे लागते आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क भरावे लागते. आमच्याच मजल्यावरची सदनिका मात्र दर दोन दिवसांनी नव्या माणसांना दिली जाते आणि त्याची नोंद फाटकावरच्या वहीत ‘मालकाचे नातेवाईक’ अशी होते. गेल्या वर्षभरात त्या गृहस्थांना इतके नातेवाईक झाले आहेत की आमच्या रखवालदाराने त्यांच्या कुळाविषयी शंका काढणे सोडून दिले आहे. जांभा-चिरा यांचे एकाकी घर आणि सामाईक जिना असलेली सदनिका यांना एकच नियम नसावा, पण सदनिकेच्या बाबतीत तरी हजेरीची अट हवीच.

हिशेबवही

माझा व्यवसाय कर-सल्ल्याचा आहे, म्हणून काही गोष्टी स्पष्ट करतो. मालक हजर असो वा नसो, त्या टळत नाहीत.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या यजमानाला सहसा स्वतः जीएसटी नोंदणी करावी लागत नाही, मात्र आरक्षण संकेतस्थळामार्फत झाले असेल तर तो कर भरण्याची जबाबदारी त्या संकेतस्थळावर येते. म्हणून ‘कर कोणी भरतच नाही’ हा सरसकट आरोप बरोबर नाही. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. दुसरे असे की परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती ठरलेला फॉर्म भरून २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला कळवावी लागते, घर कितीही लहान असले तरी. डबीतून किल्ली देणाऱ्या मालकाने त्या पाहुण्याचे पारपत्र पाहिलेलेच नसते, आणि या एका मुद्द्यावर मला धागाकर्त्याचे म्हणणे सर्वांत बळकट वाटते.

माजघर

इतका वेळ वाचत होते. गुहागरजवळ आमचे घर आहे आणि गेली नऊ वर्षे आम्ही चार खोल्या पाहुण्यांना देतो. आम्ही तिथेच राहतो, म्हणजे धागाकर्त्याच्या कसोटीवर आम्ही पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊ. तरीही मला ती कसोटी पटत नाही आणि जांभा-चिरा यांचा प्रतिवादही पुरा पडत नाही, कारण दोघांनीही ‘यजमान’ हा शब्द पुल्लिंगी वापरला आहे.

यजमान हजर असावा, म्हणजे प्रत्यक्षात कोण हजर असते ते सांगते. सकाळी साडेपाचला उठून घावण्यांचे पीठ मी भिजवते. साडेसातला नाश्ता हवा असे रात्री सांगितलेली मंडळी साडेनऊला उठतात, तोवर तवा दोनदा गरम करून उतरवलेला असतो. दुपारी बारा पाने, त्यांतली पाच मासे खाणारी, चार न खाणारी आणि तिघांचा उपवास. मे महिन्यात एका दिवशी साठ-सत्तर उकडीचे मोदक वळले जातात, आणि जेवल्यावर मंडळी आमच्या ह्यांना म्हणतात, “काका, तुमचा पाहुणचार फार आवडला.” ह्यांनी त्या दिवशी गाड्या कुठे लावायच्या ते दाखवलेले असते. मी तक्रार करत नाही. या उत्पन्नावर मुलीचे शिक्षण झाले आणि खात्यावर माझे नाव आहे. पण हजेरी सक्तीची करायची असेल तर ती कोणाच्या डोक्यावर बसते हे आधी नीट पाहा. आमच्या शेजारची सून माहेरच्या लग्नाला जाऊ शकली नाही, कारण त्या दिवशी आठ पाहुण्यांचे आरक्षण होते. तिचे त्या खात्यावर नाव नाही.

जांभा-चिरा, तुम्ही त्या जोडप्याला बारा महिने पगार देता ही चांगली गोष्ट आहे. पण एक विचारते. रात्री दीडला गाणी थांबत नाहीत तेव्हा ‘आता निघा, पैसे परत देतो’ असे म्हणण्याचा अधिकार त्यांना आहे का? मला आहे. नऊ वर्षांत मी तीनदा तो वापरला. त्यातल्या एकदा संकेतस्थळावर आमच्याविषयी फार वाईट लिहिले गेले आणि पुढचा महिनाभर खोल्या रिकाम्या राहिल्या. तो तोटा सोसायचा की नाही हे ठरवणारी मी होते. पगारी माणूस असे करू धजत नाही. तो तुम्हाला फोन करतो, तुम्ही पाहुण्यांना फोन करता, पाहुणे ‘हो सर’ म्हणतात आणि गाणी चालूच राहतात. पाहुण्याला नाही म्हणू शकेल असे माणूस हाकेच्या अंतरावर असणे, एवढेच मला महत्त्वाचे वाटते. ते मालक असो, सून असो किंवा गावातला पगारदार असो.

वेळासला कासवांच्या हंगामात गावातल्या घराघरांतून पर्यटकांची सोय होते, तिथे मी दोनदा राहिले आहे. सकाळी पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायची, घरचे साधे शाकाहारी जेवण जेवायचे आणि ओळीने अंथरलेल्या गाद्यांवर झोपायचे. पाहुणा एका घरात उतरला तरी त्याच्यावर लक्ष अख्ख्या गावाचे असते, म्हणून एकट्या बाईवर भार येत नाही. धागाकर्त्याच्या काकूंनी रात्री दार उघडले तेव्हा त्या घरासाठी यजमानपण त्यांनीच केले. त्याचा एक रुपयाही त्यांना मिळाला नाही, एवढे मात्र खटकते.

जांभा-चिरा

माजघर ताई, खरे सांगायचे तर तो अधिकार त्यांना नाही. असा प्रसंग आला की ते मला फोन करतात आणि मी बहुतेक वेळा ‘आजची रात्र सांभाळून घ्या’ असेच म्हणतो, कारण एका वाईट अभिप्रायाचा परिणाम मीही भोगलेला आहे. पाहुण्यांना घालवण्याचा अधिकार लेखी द्यावा आणि त्या रात्रीचे पैसे त्यांच्या पगारातून कापले जाणार नाहीत हेही लिहावे, असे आता वाटते. तसे करण्यास माझी तयारी आहे. मात्र कायद्याने मालकालाच तिथे बसवण्यास माझा विरोध कायम आहे.

तिसरा-मजला

आणि आमच्या जिन्याचे काय? सोसायटीत ‘हाकेच्या अंतरावरचे माणूस’ म्हणजे आम्ही शेजारीच ठरतो, तेही फुकट. गावाच्या घराला ही सवलत द्यायची असेल तर द्यावी. सदनिकेसाठी मी माझी मागणी मागे घेत नाही.

खाडीपल्याड (धागाकर्ता)

सदनिकेच्या बाबतीत मी आपल्याशी सहमतच आहे. गावच्या घरापुरते मात्र माझे मूळ म्हणणे मला बदलावे लागत आहे. मी ‘कुटुंबातले कोणी’ असे लिहिले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझी आईच होती, आणि ती किती वाजता उठत असे हे मला ठाऊक असूनही ते माझ्या मुद्द्यात आले नाही. मालकाच्या हजेरीऐवजी वाडीतलेच एक नाव लिहून द्यावे, त्या माणसाला पाहुण्यांना नकार देण्याचा अधिकार असावा आणि त्याचा मोबदला ठरलेला असावा, ही अट मला पुरेशी वाटते. नाव ज्याचे असेल त्याची संमतीही हवी; नाहीतर उद्या तिन्ही मालक माझ्या काकूंचेच नाव लिहून मोकळे होतील.

पाण्याबाबत मात्र मी मागे हटणार नाही. एप्रिल आणि मे महिन्यांत एका घरात किती माणसे उतरावीत ते मालकाने ठरवू नये, वाडीने ठरवावे. शिमग्याला सगळे चाकरमानी गावी असतात, तेव्हा देवळात बैठक घेऊन हा विषय मांडणार आहे. माजघर ताई, आपल्या घरी पाहुण्यांसाठी नियमांचा फलक असेल तर त्यातला मजकूर इथे द्याल का?

माजघर

फलक दोन वर्षे लावला होता, कोणी वाचला नाही, म्हणून काढून टाकला. आता पाहुणे पडवीत बसून कोकम सरबत घेत असतात तेव्हाच त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा सांगते, पंप दिवसातून दोनदाच चालतो हे सांगते आणि रात्री दहानंतर मी झोपते हेही सांगते. बैठकीत बायकांना बोलवाल ना? आमच्याकडच्या पहिल्या बैठकीला बोलावले नव्हते, त्यामुळे नाश्त्याची वेळ सकाळी सहापासून ठरली होती.