सुधारायचंय कुणाला?

‘आऊटरेजस फॉर्च्युन’ या चोरांच्या कुटुंबावरच्या न्यूझीलंडच्या मालिकेतली आई शेरिल एका झटक्यात सुधारते ते पटत नाही, अशी एक तक्रार आहे. पण तिच्या एकटीच्या सुधारण्यानं भागतंय कुठे? नवरा वुल्फ चार वर्षांसाठी आत गेल्यावर ती फर्मान काढते, आजपासून चोऱ्यामाऱ्या बंद! आणि खरी गंमत इथूनच सुरू होते, कारण घरात दुसऱ्या कुणालाच सुधारायचं नाहीये. सासरे टेड मुरलेले तिजोरीफोडे. धाकटी लॉरेटा शाळेला दांडी मारून चक्क व्हिडिओचं दुकान चालवते (डोकंही सगळ्यांत तिचंच तल्लख). अशा घरात आईनं प्रामाणिकपणाचा हट्ट धरणं हाच एक उपद्रव, आणि मला तरी तो अगदी खरा वाटला.

शेरिलच्या जुळ्या मुलांचा विषय मात्र राहूनच गेला. वकील जेथ्रो आणि भुरटा व्हॅन, दोन्ही एकट्या अँटनी स्टारनं केलेत. हो, ‘द बॉइज’ या सुपरहिरोंच्या मालिकेतला होमलँडर तोच. ‘आऊटरेजस फॉर्च्युन’चे रिमेक बघायच्या भानगडीत पडू नका. ब्रिटनची ‘ऑनेस्ट’ (२००८) आणि अमेरिकेची ‘स्काउंड्रल्स’ (२०१०) एकेका सीझनमध्येच आटोपल्या. मूळ न्यूझीलंडची मालिका २००५ ते २०१०, चांगले सहा सीझन चालली.