रात्री दोन वाजता जिन्यात कोण येणार?

काही जण म्हणतात की मानसिक आजाराचा रुग्ण बेभान झाला तर पोलिसांना बोलावण्यावाचून गत्यंतर नाही, पालिका यात काय करणार? मला हे पटत नाही.

आमच्या इमारतीत पंचविशीतला एक मुलगा रात्री दोन वाजता जिन्यात बसून स्वतःशीच बोलत होता. दोन हवालदार काठी आपटत वर आले, तसा तो भिंतीला आणखीच चिकटला. शेवटी समोरच्या काकू पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. वीस मिनिटांनी तो पाणी प्यायला. हवालदारांचा राग नाही, त्यांना हे कुणी शिकवलेलंच नसतं.

अमेरिकेतल्या यूजीन शहरात १९८९ पासून काकूंनी केलं तेच काम रीतसर व्हायचं. 'कहूट्स' नावाच्या सेवेच्या व्हॅनमधून एक वैद्यकीय कर्मचारी आणि एक समुपदेशक यायचे, दोघंही निःशस्त्र. खर्चाचा मोठा वाटा शहर उचलायचं. २०२५ मध्ये पैशांच्या ओढाताणीत यूजीनमधली ही सेवा थांबली, याचं फार वाईट वाटतं.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० आहे. त्यानुसार पोलिसांनी अशा माणसाला कोठडीत न डांबता चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही दिवसरात्र चालू असतो, जरूर जवळ ठेवा. पण फोन जिन्यात येऊन बसत नाही. पालिकेच्या दवाखान्यातली एक प्रशिक्षित नर्स, एक समुपदेशक आणि रात्रपाळीची एक गाडी, एवढी तरतूद आपण नगरसेवकांकडे मागूया.