मदत हवी आहे: सावित्रीचा पूल आला की आई घाबरते

गणपतीला मुंबईहून राजापूरला, गावी जायचंय. महाडजवळ सावित्रीचा पूल आला की आई पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरते, डोळे मिटून रामरक्षा पुटपुटते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जुना ब्रिटिशकालीन पूल कोसळला, दोन एसटी वाहून गेल्या, तेव्हापासूनचं हे. नवा पूल २०१७ च्या जूनमध्येच सुरू झाला, हे शंभरदा सांगून झालंय. "नदी तीच आहे ना रे," म्हणते. रेल्वेने न्यावं तर रत्नागिरीपुढे पानवलचा पूल, ६० मीटरहून उंच! खरं सांगू, हल्ली पूल संपेपर्यंत मीही गप्पच असतो. तुमच्याकडे कोणाला असं होतं का? गप्पांत गुंतवावं, रात्रीची गाडी धरावी, की सरळ समुपदेशकाकडे न्यावं?